पाचव्या पुडक्यापुढची फुली

बाबांना कोड्यांचं वेड होतं. शुक्रवारच्या पुरवणीत यायची तसली: पाच घरं, पाच माणसं, कोण काय पितो, कोणाकडे मांजर आहे. ते चौकटी आखायचे. जुळलं तिथे बरोबरची खूण, शक्य नाही तिथे फुली. "आधी फुल्या मारायच्या, उत्तर आपोआप उरतं," असं ते मला ऐकवायचे. आईच्या मते हे रिकामपणाचे उद्योग होते.

मी नऊ वर्षांची असताना ऑगस्टमध्ये आम्ही पुण्याहून आखातात, ऊद मेथातल्या आमच्या फ्लॅटवर परतलो आणि बॅग उघडून बघतो तर लोणच्याची बरणी फुटलेली. गावी जाऊन येणाऱ्याने चार घरची पुडकी आणायची, हा तिकडचा अलिखित नियम होता. चिठ्ठ्यांवरची बॉलपेनने लिहिलेली नावं तेलात पार विरघळली होती, आणि दुसऱ्यांची पुडकी उघडणं बाबांना पटेना.

"यल्ला, चौकटी आखू या," बाबा चक्क खूश होऊन म्हणाले. मग वास घेणं, हलवून बघणं सुरू झालं. कोकमाचा वास आला ते खालच्या मजल्यावरच्या मालवणी काकूंचं. डिंकाचे लाडू शेजारच्या बाळंतिणीचे. गोळ्या खडखडल्या ते मधुमेहवाल्या काकांचं. लसणाची चटणी मुसफ्फात एकट्या राहणाऱ्या बाबांच्या मित्राची. चारही घरं जुळली आणि एक पुडकं उरलं.

"But Baba, four people, five packets," मी म्हणाले.

"मग आपलंच असणार. तुझ्या आईने दिलं का गं?" बाबांनी आईला विचारलं.

"तिने दिलं असतं तर दहादा बजावलं असतं."

"मग वडिलांनी?"

आईने पेन्सिल ओढून घेतली आणि स्वतःच फुली मारली. "खलास. दोन वर्षं ते माझ्याशी बोललेले नाहीत."

बँकेतली नोकरी सोडून ती इकडे आली म्हणून आजोबा रागावले होते. त्या सुट्टीतही ते फक्त माझ्याशी बोलले. आई चहा घेऊन गेली की पेपर तोंडासमोर धरायचे. मला त्यांचा भारी राग यायचा.

बाबांनी पाचव्या पुडक्याच्या ओळीवर बोट ठेवलं. "एका ओळीत सगळ्याच फुल्या कशा येतील? कुठली तरी एक चुकली आहे."

मी पुडकं उचललं. सुतळीला तीन गाठी, टोकं आत खोचलेली. आजोबांनी जन्मभर पोस्टात पार्सलं बांधली होती, आणि मलाही त्या सुट्टीत हीच गाठ शिकवली होती. निघताना बॅगही त्यांनीच बंद केली होती.

"Aai, this is Ajoba's knot."

आत आवळासुपारी होती. ऑफिसच्या व्हॅनमध्ये शारजापर्यंत मळमळतं, असं आईने आजीला एकदाच लिहिलं होतं, तेही पत्राच्या अगदी शेवटी. म्हणजे तिची पत्रं आजोबा शेवटपर्यंत वाचत होते. आई सुतळी बोटाला गुंडाळत बसली आणि रडली. मग तिने माझ्याकडे खोडरबर मागितला.

संध्याकाळी तिने पुण्याला फोन लावला. आजोबांनीच उचलला. आई "हॅलो, मी" एवढंच म्हणाली. आजोबांना फोनवर ओरडायची सवय, त्यामुळे आम्हा दोघांनाही स्पष्ट ऐकू आलं: "व्हॅनमध्ये बसायच्या आधी तोंडात टाकत जा. मळमळायला लागल्यावर उपयोग नाही."