अर्धलीची कुत्री

१९९७ साल. मी तेव्हा पंचावन्न वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत, तीही अर्धीच. पण जनावरातलं मला कळतं. परतूरच्या बाजारात मी लांबून बघून बैलाचं वय सांगायचो. चुकलो असं कोणी म्हणालेलं न्हाई.

त्याच्या तीन वर्षं आधी परतूरचा एक माणूस आमच्या गावात आल्ता. विलायती कुत्र्यांची पिल्लं घरोघर विकायचा त्याचा धंदा. बगलेत एक पांढरी, केसाळ कुत्री होती, फुटलेल्या बोंडासारखी. म्हणाला, "काका, अर्धलीनं सांभाळता का?"

आमच्याकडं शेळी, गाय अर्धलीनं देतात. माय देणाऱ्याची, खाणंपिणं सांभाळणाऱ्याचं, आणि पोटी येईल ते निम्मं निम्मं. माय मात्र सांभाळणाऱ्याची कधीच होत न्हाई. कुत्री अर्धलीनं घेतलेली मी ऐकली नव्हती. पण विलायती कुत्री गावात फक्त माझ्याच गोठ्यात, ही गोष्ट मला फार गोड लागली. मी शब्द दिला.

चहाच्या हॉटेलावर लोक टोमणे मारायचे, "काका, दूध किती देती हो?"

मी म्हणायचो, "तुझी म्हैस वर्साला एक देती. ही चार देती."

पहिल्या वेताला खरंच चार झाली. तीन पांढरी, अन् एकाचा डावा कान करपलेल्या भाकरीसारखा तांबूस. ते माझ्या वहाणेवर डोकं ठेवून झोपायचं. महिना झाला न झाला, तो माणूस न्यायला आला. मी म्हणालो, "अरे, अजून अंगावर पितेत."

"लहानच खपतेत काका. मोठं झालं की कोण घेतं?"

तांबड्या कानाचं मंठ्याला गेलं, एका बड्या घरी, लेकराच्या वाढदिवसाला. "फुग्यासंगं दिलं," असं तो हसत सांगत होता. इकडं कुत्री आठ दिवस गव्हाणीतला कडबा उकरून पिल्लं शोधत होती.

मंग वेतावर वेत. गाईलासुद्धा आपण दोन वेतांच्या मधे दम देतो. हिला दर सहा महिन्यांनी माज आला की तो माणूस नर घेऊन हजर. तिचे केस गेले, आचळं जमिनीला लागायला लागली, दात हलायला लागले. मला दिसत होतं. पण दिलेला शब्द मी आयुष्यात मोडला नव्हता, आणि त्याचा मला ताठा होता.

पाचव्या वेळी त्यानं दुसराच नर आणला. डावा कान तांबडा.

मी विचारलं, "हा कुठला?"

"मंठ्याचा. लेकराची हौस फिटली. गच्चीवर बांधून ठेवला, भुंकायला लागला, मंग मला वापस दिला. फुकटात नर भेटला बघा."

कुत्री पुढं झाली अन् त्याचा तो कान आतून चाटायला लागली. लहान असताना चाटायची, तशीच.

आमची घरची शेणाची पाटी घेऊन उभी होती. म्हणाली, "आवं, ह्यो तर तिचाच! ह्याला मी माझ्या हातानं चारलंय."

"तुला काय कळतंय? पांढरी समदी सारखीच दिसतेत."

हे मी बोललो. लांबून बैलाचं वय सांगणारा मी. गाईच्या पोटचा गोऱ्हा गाईवर गेला म्हणून एकदा शेजाऱ्यावर काठी उगारणारा मी. हॉटेलावरचे चार लोक बघायला जमले होते. मी फसलो, हे त्यांच्यासमोर कसं बोलू? कुत्रीची साखळी मीच धरली.

तीन पिल्लं झाली. एक मेलेलंच. दोघांचे वरचे ओठ फाटलेले, दूध ओढलं की नाकातून बाहेर. घरचीनं कापसाच्या वातीनं शेळीचं दूध पाजून पाह्यलं. तिसऱ्या दिवशी एक गेलं, पाचव्या दिवशी दुसरं. ते मी बांधाला खड्डा करून पुरलं. कुत्रीनं उकरून पुन्हा गोणपाटावर आणून ठेवलं आणि पोटाशी घेऊन पडली. पुन्हा पुरलं. पुन्हा आणलं. मंग मी वर दगड रचले.

पुढचा माज आला तेव्हा तिला चार पावलंही धड चालवत नव्हती. त्या माणसाचा निरोप आला, उद्या नर घेऊन येतो. दुपारीच मी हॉटेलावरच्या फोनवरून त्याला सांगितलं, "आता न्हाई. मरंल ती. अन् तो नर तिच्या पोटचा हाय."

"मंग? लोकांला पांढरं पिल्लू पाह्यजे काका. त्याचा बाप कोण, हे कोण विचारतं?"

"मी सांगतो, न्हाई म्हणून."

"कुत्री माझी हाय. अर्धल काय असती हे मी तुम्हाला शिकवू का? जमत नसंल तर वापस द्या. दुसरा माणूस तयारच हाय."

अन् बोलणं त्याचं बराबर होतं. माय त्याचीच. ठेवली तर साखळी मी धरणार, वापस दिली तर दुसरा कोणी धरणार. मी गोठ्यात येऊन बसलो. कुत्रीनं माझ्या वहाणेवर डोकं टेकलं. इतकं हलकं डोकं. घरची दिवा लावायला आली, अन् तिनं एवढंच विचारलं, "गाय असती तर?"



दुसऱ्या दिवशी सकाळी, तो यायच्या आधी, मी डोक्याचा पटका सोडला. त्यात कुत्री गुंडाळली अन् छातीशी धरून निघालो. उघड्या डोक्यानं मी गावातून कधी चाललो नव्हतो. आमच्याकडं म्हाताऱ्याचं डोकं उघडं दिसलं म्हणजे घरात कोणी गेलं. हॉटेलावरून कोणीतरी दचकून विचारलं, "काका, कोण गेलं?"

म्हणालो, "अजून न्हाई."

परतूरहून रेल्वेनं परभणी गाठली. जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं तिला बघितलं अन् मान हलवली. "काका, पिशवी काढता येईल. पुन्हा व्यायची नाही. पण अंगात रक्त नाही, वर माजावर आहे, रक्त जास्त जाईल. टेबलावरच जाऊ शकते. मालक कोण? मालकाची सही लागेल."

मालकाच्या जागी मी माझं नाव लिहिलं, तिसरीतल्या अक्षरात, पुरं.