भिंतीतलं भोक

भवानीनगरजवळचा गोऱ्या साहेबाचा जुना बंगला आम्ही घेतला, त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. उंच छत, कमानीच्या खिडक्या आणि मागच्या भिंतीत वर एक भोक. चिमण्या येतात म्हणून मी त्यात चिंधी कोंबलेली.

एका दुपारी बघते तर मागच्या पडवीत एक अनोळखी म्हातारा भिंत चाचपतोय, भोकाकडं टक लावून बघतोय. मनात म्हटलं, हा एकतर घरावर हक्क सांगणार, नाहीतर पुरलेलं धन हुडकणार.

"काय पाहिजे, आबा?"

तो भोकाखाली टेकला, पाय लांब केला आणि पंजा मागंपुढं हलवू लागला. "माझा आजा अंगठ्याला दोरी बांधून हितं बसायचा, बाई. साहेबाचा कापडी पंखा वढायला. दोरी ह्या भोकातनं आत जायची."

"मग आत या की."

"आजा कधी आत गेला न्हाय. वारं कुठं जायचं, तेवढं बघू द्या."

तरी कपाटाच्या किल्ल्या मुठीत धरूनच मी त्याला आत नेलं, विजेचा पंखा लावला. तो डोळे मिटून खाली उभा राहिला, मग पाणीही न पिता मागच्याच दारानं गेला.

मूठ उघडली, तर तळव्यावर किल्ल्यांचे वळ उठलेले.