बहिऱ्या काकांचा सिनेमा

दिवाळीच्या पाडव्याला दुपारी आमच्याकडे एक जुना मराठी सिनेमा लावतात. टीव्हीसाठीच केलेला, दीड तासाचा. मी दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले, तेव्हा टीव्हीवर वर्षभरात मराठी म्हणून जे काही दिसायचं त्यात सगळ्यांच्या आवडीचं हेच. आसपासची पाच-सहा मराठी कुटुंबं आमच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने बसून तो बघायची. मला तो तेव्हाही आवडायचा नाही, आजही आवडत नाही. हे मी फार कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक आधी हसतात, मग जरा काळजीने बघतात.

गोष्ट साधी आहे. दिवाळीला एका घरात पाहुणे जमतात. त्या घरात एक बहिरे काका असतात आणि भाचे-पुतणे चार दिवस त्यांची फजिती करतात. कुणी म्हणतं, "काका, उटणं लावा," की काका ओरडतात, "अरे उठलोय, केव्हाचा उठलोय!" "फराळाला या" म्हटलं की, "फरार? कोण फरार झालं?" हे 'कोण फरार झालं' आमच्या ओळखीतल्या प्रत्येक मराठी घरात बोललं जातं. ऑफिसात कुणी जेवणानंतर जागेवर दिसला नाही की तिथल्या मराठी माणसांच्या तोंडूनही मी ते ऐकलेलं आहे.

शेवटी शेवटी काकांना चुकीचा पत्ता सांगून जेवायला पाठवतात. नवा सदरा घालून, हातात मिठाईचा पुडा घेऊन ते अनोळखी माणसांच्या दारात उभे राहतात आणि आतले लोक त्यांच्याकडे बघत राहतात. इथे सगळी खोली हसून लोळायची. मी सात वर्षांची असताना इथे रडले होते. त्याचाही पुढे विनोद झाला. दर वर्षी तो प्रसंग आला की कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवायचं, "बघा, आता ही रडणार!" सगळ्यात मोठ्याने हसायचे माझे बाबा. त्यांना तो सिनेमा तोंडपाठ होता.

बाबा निवृत्त झाले आणि पाच-सहा वर्षांत त्यांचे कान गेले. मशीन घेतलं, पण चार माणसं एकदम बोलायला लागली की त्यातून नुसता कल्ला ऐकू येतो, म्हणतात. आई गेल्यावर ते आमच्याकडे, दिल्लीतच द्वारकेला आले. आमच्या सोसायटीत चार मराठी घरं आहेत. पाडव्याला सगळे आमच्याकडे जमतात आणि सिनेमा आता मोबाईलवरून टीव्हीला जोडून लावतात.

तीन वर्षांपूर्वीच्या पाडव्याला फराळाच्या ताटल्या मांडून झाल्या होत्या. बाबा खिडकीपाशी पेपर वाचत होते. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. घरात आमच्याशी मराठी बोलते, पण अर्धे शब्द हिंदी. या सिनेमातली वाक्यं मात्र तिला सगळी येतात. ती बाबांच्या मागे गेली आणि मुद्दाम हळू म्हणाली, "आजोबा, फराळाला चला."

बाबांनी कानामागे हात धरला. "काय गं?"

तिने पाहुण्यांकडे वळून हात उडवले. "फरार? कोण फरार झालं?"

सगळे हसले. माझा नवरा हसला. शेजारच्या काकू तर डोळे पुसायला लागल्या, "अरे, बिल्कुल तसंच करते गं ही!" बाबांनी सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं आणि मग तेही हसले. सगळ्यांच्या नंतर, एकटेच.

मी मुलीला आत नेऊन रागावले. तिला का रागावते आहे ते तिला कळेना, कारण जे सगळे करतात तेच तिने केलं होतं.

पुढच्या वर्षी मी नवऱ्याला म्हटलं, "नेट बंद आहे म्हणून सांग." त्याने सांगितलं. "अरे यार, दिवाळी आहे आणि नेट नाही?" असं म्हणत लोक हळहळले. मग बोलणं प्रदूषणावर, शाळेच्या सुट्ट्यांवर, कुणाच्या बदलीवर गेलं. एकाच वेळी तीन-तीन जण बोलत होते. बाबा थोडा वेळ या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिले. मग उठून आपल्या खोलीत गेले. मला वाटलं, बरं झालं, सुटले.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी विचारलं, "काल सिनेमा का नाही लावला?"

"नेट बंद होतं, बाबा," मी त्यांच्यासमोर बसून मोठ्याने म्हणाले.

"चालू होतं. मी खोलीत व्हॉट्सअॅप बघत होतो."

मी माझा कप खाली ठेवला. ते म्हणाले, "तुला तो आवडत नाही, मला ठाऊक आहे. पण एक सांगू? बाकी वेळी मला नुसती तोंडं हलताना दिसतात. तो सिनेमा मला ऐकू येतो. कान चांगले होते तेव्हा इतक्यांदा बघितलाय. पुढचं वाक्य काय येणार ते आधीच माहीत असतं. तेवढा दीड तास मी तुम्हा सगळ्यांच्या बरोबर हसतो. मागाहून नाही."

"पण बाबा, ते सगळे त्या काकांना हसतात."

"हसू देत की." ते कपातला चहा ढवळत राहिले. मग म्हणाले, "तू हवं तर आत जाऊन पड. कोणी काही म्हणणार नाही."

गेल्या पाडव्याला सिनेमा पुन्हा लागला. बाबा सोफ्याच्या मधोमध बसले होते. पडद्यावरचं वाक्य यायच्या आधी ते स्वतःच म्हणत होते आणि टाळी द्यायला शेजारी बसलेल्या नातीपुढे हात करत होते. ती टाळी देत होती, पण हसत नव्हती. दर वेळी आधी माझ्याकडे बघायची. बाबांनी तिला कोपराने ढोसलं, "अगं, हस की! लक्ष कुठे आहे?" ती जरासं हसली आणि पुन्हा माझ्याकडे बघायला लागली. मी मान वळवली.

पाहुणे गेल्यावर ती माझ्याबरोबर ताटल्या उचलायला आली. हळूच म्हणाली, "मम्मा, हसायचं होतं की नव्हतं?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

ती थोडा वेळ थांबली, मी आणखी काही सांगेन म्हणून. मग चिवड्याचा डबा उचलून आत घेऊन गेली.