पिंगळ्यापुढे धरलेलं केळं

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलं तर माफ करा. पण केळीच्या चिकाचा वास आला की भडगावजवळच्या आमच्या बागेतली ती सकाळ आठवते. घड कापताना मजुरांना पंख दुखावलेला पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, सापडला. "हात नका लावू, अपशकुनी पाखरू शे," मुकादम म्हणाला. वडील माझ्याकडे वळले, "तू कालेजमा शिकस ना? मंग सांग, काय करानं?" सगळे थांबले. मला काहीच माहीत नव्हतं, पण तसं म्हणायची लाज वाटली, म्हणून मी सोललेलं केळं त्याच्या चोचीपुढे धरलं. त्याने मान फिरवली. "त्याले उंदीर लागस रे, पंडित!" म्हणत मुकादमच हसत सुटला आणि घड वाहायची खांद्यावरची गादी त्याने पिंगळ्यासाठी एका खोक्यात अंथरली. मग मी कबूल केलं, "मला माहीत नाही, विचारतो," आणि वनरक्षकाला फोन लावला. तो येऊन पिंगळ्यासकट खोकं घेऊन गेला. "माहीत नाही" हे आता मी तोंडी परीक्षेतही बिनधास्त सांगतो. पंधरा दिवस वडील रोज विचारायचे, "वाचना का तो?" शेवटी वनरक्षकाचा फोन आला, "उडाला! जाता जाता माझं बोट चावून गेला."