चेंचोची वात

माझा नवरा चेंचो गावच्या जत्रेला दारूकामाचा उंच मनोरा बांधतो. वात किती लावायची, ते त्याच्या घराण्यात प्रार्थनेवर मोजतात. एक वीत वात जळेपर्यंत एक 'नमो मरिये' म्हणून होते, आणि पेटवणाऱ्याला चर्चच्या भिंतीआड पोचायला चार लागतात. म्हणून वात चार वीत.

गेल्या वर्षी मनोरा पेटवताना त्याचा भाऊ भाजून मेला. यंदा चेंचोनं अंगणात वीतभर वात पेटवून पाहिली आणि म्हणाला, "दोन प्रार्थना झाल्या गं! ही वात मंद आहे. दोन वीत पुरे. पैसेही वाचतील."

चुलीपाशी मीही तीच प्रार्थना म्हणत होते, आणि माझी एकच झाली होती.

"अरे, घोड्यावर बसल्यासारखा भरभर म्हणतोस तू! भितोस म्हणून!"

"मी भितो? तू आपल्या मक्याच्या टॉर्टिया थाप."

काडी ओढली की त्याचे ओठ थरथरतात, पण ते त्याला पटवणार कोण? जत्रेच्या दिवशी त्याची नजर चुकवून मी आणखी दोन वीत वात आतून जोडली आणि कागदात लपवली. पेटवून तो पळत सुटला. मी सावकाश प्रार्थना मोजू लागले. तो भिंतीआड आला, धापा टाकून झाल्या, आणि मग कुठे मनोरा फुलला.

चेंचो घाम पुसत हसला. "पाहिलंस? दोन वीतसुद्धा जास्तच झाली. पुढच्या वर्षी एकच लावू."