वर्लाचे तीन इंच

तेहतीस वर्षं वर्ला हॅस्लम हिवाळ्यात दर महिनाअखेरीस डोंगरावर बर्फ मोजायला जायची. एरवी ती शाळेच्या स्वयंपाकघरात राजमा आणि दालचिनीचे रोल करायची, पण आयडाहोच्या त्या खोऱ्यात तिला ओळखायचे ते बर्फवाली म्हणूनच. पायांत बर्फात चालायचे रुंद जोडे, पाठीवर नळी आणि काटा. ठरलेल्या दहा जागी नळी पार जमिनीपर्यंत खुपसायची, बर्फासकट उपसून काट्याला लावायची. मग त्यात किती इंच पाणी दडलंय ते कळतं. त्या आकड्यावर खोऱ्यातले लोक बटाट्याची लागवड ठरवायचे.

नळीच्या तोंडाशी माती आली तरच ती तळाला टेकली असं धरतात. पण ती माती सुरीने खरवडून टाकल्याशिवाय वजन करायचं नाही. नवीन कोणी सोबत आलं की वर्ला हे पहिल्याच दिवशी दरडावून सांगायची.

गेल्या वर्षी पाण्याचा अंदाज सुधारायचा म्हणून वॉशिंग्टनहून पैसा मंजूर झाला. त्यातून वर एक यंत्र बसलं. जमिनीवर पसरलेली एक भलीमोठी गादी, अंगावर साचलेलं बर्फ तोलून आकडा आपोआप खाली कळवणारी. यंत्र आलं म्हणून वर्लाचं मानधन बंद! एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं, ही सरकारची जुनीच खोड. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा एवढं ठरलं की एक एप्रिलचे दोन्ही आकडे ताडून बघायचे. यंत्र चुकतंय असं दिसलं तर हातमोजणीलाही पैसा राहील.

यंत्राने चौदा इंच सांगितले. वर्लाने सतरा.

"सरकारला म्हणावं, त्या गादीवर आता झोपा काढा!" मेरिल टिंजी तिच्या दारात उभा राहूनच ओरडला. हा तिचा शाळेपासूनचा सोबती. "मी बियाणं सांगून आलो. तळ्याकडचं अख्खं रान बटाट्याखाली घेतोय."

"अरे, थांब की जरा."

"का थांबू? आकडा तुझा आहे ना?"

आकडा तिचाच होता, म्हणून तर ती थांब म्हणत होती. नोव्हेंबरपासून तिच्या उजव्या डोळ्यापुढे धुकं होतं आणि डावाही फार चांगला नव्हता. तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. त्या दिवशी नळीत सुरी फिरवली होती खरी, पण पुरती फिरवली होती का?

दुसऱ्या दिवशी ती एकटीच परत वर गेली. पहिल्या जागी नळी उपसली, हातमोजा काढला आणि सरळ बोट आत घातलं. दोन पेरं थंडगार चिखलात गेली. यंदा जमीन गोठायच्या आधीच बर्फ पडलं होतं. खालची माती मऊ राहिली होती, नळी खोल रुतत होती. तिने मातीसकट वजन केलं, मग चाचपून चाचपून सगळी माती काढली आणि पुन्हा केलं. फरक तीन इंचांचा. दहाही जागी जवळपास तेवढाच.

वर्ला बर्फात बसून रडली. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? महिन्याभरात सगळं बर्फ वितळून जाणार होतं. हे आपल्याला सुचलं याचीच तिला लाज वाटली.

शनिवारी पाणीवाटपाची बैठक भरली. हॉल गच्च भरला होता. बर्फमोजणीच्या सरकारी कार्यालयाकडून लिनेट ओकुडा नावाची तरुण अधिकारी आली होती.

"वर्लाबाई, खरं सांगू? तुमचाच आकडा बरोबर निघावा असं मलाही वाटतं," ती म्हणाली. "मोजणीच्या पैशाचा कागद घेऊनच आलेय. तुम्ही फक्त सतरा म्हणा."

वर्लाने खिशातून रुमाल काढला, टेबलावर ठेवून त्याची गाठ सोडली. आत ओल्या मातीचं ढेकूळ होतं.

"हे घे पोरी, माझे तीन इंच," ती म्हणाली. "ही माती नळीत राहिली आणि मी पाण्यात मोजली. मला नीट दिसत नाही. यंत्राचे चौदाच खरे. मेरिल, तळ्याकडचं रान पडीक ठेव."

ओकुडाने कागद हळूच परत पिशवीत घातला. मेरिल उठून टेबलापाशी आला. ढेकूळ उचलून त्याने बोटांनी फोडलं.

"माती झकास आहे गं," तो म्हणाला.

"रागावलास?"

"तुझ्यावर? तेहतीस वर्षांत एकदा चुकलीस, बये. मी तर दरसाल चुकतो. बियाणं परत पाठवता येईल. पण डोळ्यांचं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर वर कोण जाऊ देणार होतं मला?"

ओकुडाने नोंदवही पुढे केली. सतरा खोडायला वर्लाने पेन घेतलं आणि पानावर वाकली. ओळ काही सापडेना. तेव्हा मेरिलने मातीच्या हाताने तिचं बोट धरलं आणि नेऊन त्या ओळीवर ठेवलं.