मशीनची जन्मतारीख

घरात तिला सगळे थोरलीच म्हणत. सासरी आली तेव्हा ती थोरली सून होती. आता साठी उलटली, केस पिकले, तरी नाव तेच राहिलं. लग्नाआधी ती एका वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट होती. मिनिटाला पंचावन्न शब्द, तेही खिडकीतून रस्त्यावर कोण चाललंय ते बघत बघत. जीभही तेवढीच चालायची, आणि तिलाही खाडाखोड माहीत नव्हती.

उद्या भंगारवाला येणार होता. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर तेरा वर्षांनी खाली उतरला होता. लेक दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरच्याच कंपनीत. गेल्या खेपेला ती एक छोटा प्रोग्राम पेनड्राइव्हवर ठेवून गेली होती आणि बजावून गेली होती, "देण्याआधी मला फोन कर. निदान मशीनमध्ये काय आहे ते तरी बघू."

काय आहे हे थोरलीला पाठ होतं. काही नव्हतं. धाकटीनं सगळं पुसलं होतं.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. एके काळी पुढच्या खोलीत दोघींचं टायपिंगचं दुकान होतं. खुर्च्या दोन, पंखा एक, आणि तो आपल्याकडे वळवण्यावरून दिवसातून दहा वेळा लुटुपुटूची भांडणं. थोरली टाइप करायची. धाकटी कॉम्प्युटरचा क्लास करून आलेली, ती मशीनचं दुखलंखुपलं बघायची. प्रबंध, अर्ज, राजीनामे, लग्नपत्रिका, काय वाटेल ते यायचं. एकदा एका गृहस्थाचं लग्न आणि राजीनामा एकाच दिवशी आले, तर दोघी इतक्या हसल्या की गिऱ्हाईक रागावून निघून गेलं. थोरलीच्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते. हे तिनं कधी कुणाजवळ कबूल केलं नाही, पण होते.

कोपऱ्यात मामंजींचं शिवणयंत्र असायचं. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. डोळे गेल्यावर ते दुपारी थोरलीशेजारी येऊन बसत आणि आपली हकीकत सांगत. ती टाइप करत जाई. आठ महिने हे चाललं, आणि मग एके दिवशी मामंजी गेले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी थोरलीनं मशीन सुरू केलं, तर पडदा कोरा. मामंजींचा एक शब्द नाही. आदल्याच आठवड्यात धाकटी म्हणाली होती, "मशीन फार हळू झालंय, एकदा सगळं पुसून नव्यानं सिस्टिम टाकायला हवी." झालं. थोरलीनं आकाशपाताळ एक केलं. धाकटी म्हणत होती, "ताई, ऐकून तर घ्या," पण थोरलीनं भिंतीतली पिन उपटली आणि मशीनवर चादर टाकली. महिन्याभरात चुली वेगळ्या झाल्या, मग घरं. भाऊ भाऊ लग्नकार्यात भेटत. जावा भेटत नसत.

"आई, लागला का कॉम्प्युटर?" फोनच्या स्पीकरवर लेक.

"लागला. पण साल भलतंच दाखवतोय. त्या साली तू जन्मलीही नव्हतीस."

"आतला सेल संपलाय, त्याकडे लक्ष देऊ नकोस. आता ती काळी खिडकी उघड."

लेक एकेक अक्षर सांगत गेली, थोरली बडवत गेली. आधी पेनड्राइव्हवरून फाइल उतरवून घेतली. मग तिला चालायची परवानगी द्यायची म्हणे. या घरात परवानगी विचारल्याशिवाय कुणी चालत नसे, तेव्हा थोरलीला ते रीतसरच वाटलं. शेवटी नाव टाइप करून एंटर मारलं.

डावीकडे अक्षरांचंच बनवलेलं एक चित्र उमटलं. उजवीकडे ओळी: सिस्टिम कुठली, मेमरी किती, डिस्क किती, सुरू होऊन किती वेळ झाला. अकरा मिनिटं. थोरली चित्राकडे बघून खूश झाली. कचेरीत असताना तीही टाइपरायटरवर नुसत्या फुल्या मारून अशी कमळं काढायची.

"खाली हे लाल-हिरवे चौकोन कशाला?"

"नको असतील तर काढ. त्याची एक फाइल असते. काय दाखवायचं, काय नाही, ते त्यात आपण ठरवायचं."

थोरलीनं फाइल उघडून चौकोन काढले, नको त्या ओळी काढल्या. अंगात जुना उत्साह संचारला होता. तेवढ्यात लेक म्हणाली, "आता एक ओळ वाढवू. या मशीनवर सिस्टिम कधी टाकली, ती तारीख."

थोरलीचे हात थांबले.

"कशाला?"

"काकूनं पुसून नव्यानं टाकली असेल, तर भांडणाच्या सुमाराची तारीख येईल. नाही तर मशीन आणलं तेव्हाची. आई, तुमचं भांडण झालं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. मला काकू आवडायची."

म्हणजे कार्टीनं हा घाट यासाठीच घातला होता. थोरलीच्या मनात आलं, फोन ठेवावा, पिन उपटावी, उद्या भंगारवाला येईल आणि तेरा वर्षांचं आपलं खरं खरंच राहील. तिनं पदरानं चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाली, "सांग काय टाइप करू."

ओळ उमटली. थोरलीनं तारीख वाचली, मग खाली वाकून कॉम्प्युटरच्या डब्याची डावी बाजू बघितली. मशीन आलं त्या दिवशी धाकटीनं तिथे जाड पेनानं तारीख घातली होती. तीच होती.

"अगं, मग माझं लिखाण कुठे गेलं?"

"पहिल्या ओळीत कुणाचं नाव आहे?"

"धाकटीचं."

"म्हणजे मशीन तिच्या खात्यात उघडतंय. आणखी कुणाचं खातं आहे का बघ."

आणखी एक होतं. थोरली. आत कामं नीट लावून ठेवलेली: प्रबंध, अर्ज, पत्रिका. आणि शेवटी मामंजी. दोघींची कामं एकमेकींत मिसळू नयेत, म्हणून धाकटीनं भांडणाच्या आदल्या आठवड्यात प्रत्येकीचं खातं वेगळं करून दिलं होतं. हेच ती तेव्हा सांगू बघत होती.

थोरलीनं फाइल उघडली. "माप देताना माणूस पोट आत ओढतो," मामंजी सांगत होते. "मी टेप सैल धरायचो. त्याला कपडा घालायचा असतो तो पोट सैल सोडून." थोरली रडली. सासरे गेले तेव्हाही एवढी रडली नव्हती. डोळे पुसून तिनं लेकीचा फोन ठेवला.

मग थोरलीनं नवऱ्याच्या वहीतून नंबर काढला आणि फोन लावला.

"मी बोलतेय. थोरली."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी गॅस बंद केला.

"बोला, ताई."

"ते मशीन आज लावलं. त्यात आहे गं सगळं."

"असणारच," धाकटी म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे थोरलीला जास्तच लागलं. "तेरा वर्षांत एकदाही लावून बघितलं नाहीत?"

"नाही."

"का?"

थोरलीला खोटं बोलता आलं असतं. मशीन माळ्यावर होतं, वेळ नव्हता, डोळे अधू झाले.

"तू पुसलं नसशील, याची भीती वाटायची," ती म्हणाली.

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"उद्या येतेस?" थोरलीनं विचारलं. "खुर्च्या अजून दोन्ही आहेत."

"नाही, ताई. मी नाही येणार. तुम्ही या."

थोरलीनं मान हलवली. फोनवर ते दिसत नाही, हे तिच्या मग लक्षात आलं.

"येते," ती म्हणाली. "पत्ता सांग. तुझं घर कुठे आहे, मला माहीत नाही."